पायाची तार

‘गाडी हल्ली लोण्यासारखी चालतेय बघ,’ मित्राचा फोन आला. २०१० सालचा फेब्रुवारी, चिनी नववर्षाची सुट्टी, अर्धं सिंगापूर शटर ओढून बसलेलं. त्याच्या आवाजात खुशी होती, आणि मला काळजी वाटली ती त्या खुशीचीच. गाडी १९९१ सालची. एकोणीस वर्षं राबलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला एका रात्रीत गुण येत नाही. तो अचानक मऊ झाला, तर कुठेतरी काहीतरी सैल झालेलं असतं.

गाडी म्हणजे टोयोटाची लँड क्रूझर. ४.२ लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, फोर-व्हील-ड्राइव्ह, चार गतींचा ऑटोमॅटिक. मित्र मूळचा इचलकरंजीचा, इथे बांधकामाच्या साइटवर छोटी कंत्राटं घेणारा. गाडीला ‘जी’ अक्षराने सुरू होणारी पाटी, म्हणजे मालवाहू नोंदणी. मागे सीट नाहीत. तिथे पाइप, पाने आणि सिमेंटची धूळ. मागच्या दारावर ७० हा वेगमर्यादेचा आकडा. जुन्या डिझेल मोटारीला इथे पेट्रोल गाडीच्या रस्ताकराच्या सहापट विशेष कर बसायचा, त्यामुळे हौसेने असली गाडी बाळगणारा विरळाच. डिझेल परवडायचं ते टॅक्सीला आणि मालाच्या गाडीला.

दुसऱ्या दिवशी मी शेजारी बसलो. सिग्नल सुटला, मित्राने पाय ठेवला, आणि पहिला, दुसरा, तिसरा असे गिअर झोपेत कूस बदलावी तसे सरकत गेले. ताशी ४५ ला गाडी चौथ्यात होती. दोन टनांच्या वर वजन, चौथा गिअर, आणि इंजिन जेमतेम बाराशे फेऱ्यांवर कण्हत होतं. ‘दाब जरा,’ मी म्हटलं. त्याने दाबला. गिअर खाली आला नाही. आरशात काळा ढग दिसला. पुढच्या सिग्नलवरून जोरात निघाल्यावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन क्षणभर मोकळं ओरडलं, कुणाचाच हात धरलेला नसल्यासारखं, आणि मग गाडीने ओढ घेतली.

‘कधीपासून असं?’

‘महिना झाला असेल. डिझेल पंप ओव्हरहॉल केला ना, तेव्हापासून. मस्त झालीय की लेका!’

पंप कशासाठी खोलला, तर धुरासाठी. दहा वर्षांवरच्या मालवाहू गाडीला इथे दर सहा महिन्यांनी तपासणी असते आणि २००७ पासून डिझेल गाडी रोलरवर चढवून, चाकांवर भार देऊन धूर मोजतात. नुसती जागेवर रेस करून सुटका नाही. म्हणजे धूर घालवायला पंप काढला, तो बसवताना काहीतरी राहिलं, आणि धूर दुसऱ्या दाराने परत आला. पंप कोणी बसवला ते इथे महत्त्वाचं नाही. असं चांगल्याचांगल्या हातून होतं, कारण जी गोष्ट राहिली ती इंजिनाचीही नाही, गिअरबॉक्सचीही नाही. दोघांच्या मधली आहे.

ती आहे एक तार.

आपल्याकडचा एसटीचा ड्रायव्हर घाटात गिअर कधी टाकतो? आंबोली घ्या, नाहीतर खंबाटकी. काट्याकडे त्याचं लक्ष नसतं. त्याला दोन गोष्टी कळत असतात: चाकं किती फिरतायत आणि आपण पाय किती दाबलाय. पाय हलका आणि गाडी पळतेय, तर वरचा गिअर. पाय पुरता खाली आणि गाडी चढावर दमतेय, तर खालचा. हे त्याला कानाने आणि सीटमधून कळतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला कानही नाहीत आणि बूडही नाही, म्हणून या दोन बातम्या त्याला कुणीतरी आणून द्याव्या लागतात.

संगणक येण्याआधीच्या गिअरबॉक्समध्ये त्या तेलाच्या दाबाने येतात. चाकांची बातमी देणारा गव्हर्नर. मागच्या शाफ्टवर बसवलेली छोटी वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि त्या प्रमाणात तेलाचा दाब वाढतो. पायाची बातमी आणते तार. पेट्रोल गाडीत ती थ्रॉटलपासून निघते. डिझेलला हवेची झडप नसते, इंजिनाचा जोर डिझेल किती सोडलं यावर ठरतो, म्हणून इथे ती डिझेल पंपाच्या लिव्हरपासून निघते, गिअरबॉक्सच्या बाजूने आत शिरते आणि एक लहानसा कॅम फिरवते. कॅम जितका फिरेल तितका दुसरा दाब वाढतो. हे दोन दाब एकाच झडपेला दोन्ही बाजूंनी रेटतात, दाराच्या अलीकडून एक आणि पलीकडून एक माणूस जोर लावत असावा तसे. वेगवाला जिंकला की दार सरकतं आणि वरचा गिअर पडतो. पायवाला जिंकला की दार तसंच राहतं, आणि फारच जोर केला तर उलटं ढकललं जाऊन खालचा गिअर येतो. ‘शिफ्ट पॉइंट’ म्हणून ज्याला मोठ्या आदराने म्हणतात तो एवढाच. गिअर अमुक वेगाला पडावा असं आत कुठेही लिहिलेलं नसतं.

तार सैल असली की पायाची बातमी अर्धवट पोचते. तुम्ही पुरता पाय दाबलाय, गिअरबॉक्सला वाटतं साहेब निवांत चाललेत. तो लगेच वरचा गिअर देऊन मोकळा होतो. इंजिन कमी फेऱ्यांवर ओझं ओढत बसतं, डिझेल पुरतं जळत नाही आणि काजळी बाहेर पडते. तोच तो धूर.

धुराने माणूस मरत नाही, निदान गाडी तरी मरत नाही. खरं दुखणं वेगळं आहे. या जातीच्या गिअरबॉक्समध्ये तीच तार आणखी एक काम करते: आतल्या क्लच प्लेटा किती जोराने आवळून धरायच्या तो दाबही तिच्या सांगण्यावर चालतो. पाय हलका असेल तर हलकं आवळणं पुरतं, गिअर अलगद पडतो. पाय दाबलेला असेल तर घट्ट आवळलं पाहिजे, नाहीतर प्लेटा एकमेकींवर घसरतात. मित्राला जो लोण्याचा मऊपणा आवडला होता तो हाच, प्लेटांच्या घसरण्याचा. गिअर झटक्याविना पडत होता, कारण तो एका क्षणात न पडता रेंगाळत, घासत पडत होता. प्लेटांवरचा कागदासारखा पातळ थर अशा घासण्यात तापतो, काळा पडतो, तेलात मिसळतो.

हे सगळं मला तेव्हा एवढं नीट सांगता आलं असतं असं नाही. मी यंत्रांच्या शाखेतला असलो तरी माझं शिक्षण कागदावरचं. सांगितलं ते सिन मिंगच्या अंकलनी.

सिन मिंग हा सिंगापूरचा गाड्यांचा मोहल्ला. तपासणी केंद्रही तिथेच, वर्कशॉपही तिथेच, त्यामुळे नापास झालेली गाडी फार लांब न्यावी लागत नाही. इथे पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक कारागिराला ‘अंकल’ म्हणतात, मग तो चिनी असो, मलय असो की तमिळ. हे अंकल चिनी, सत्तरीच्या घरातले, पायात रबरी चप्पल, बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत दोरीने लटकवलेली काळी बिनसाखरेची कोपी. त्यांनी आधी इंजिनाला हातच लावला नाही. इंजिन गरम, चालू, लिव्हर पार्किंगला, अशा स्थितीत तेलाची डिपस्टिक काढली, पांढऱ्या फडक्यावर पुसली आणि फडकं नाकाशी नेलं. ऑटोमॅटिकचं तेल मुळात डाळिंबासारखं लाल. फडक्यावरचा डाग विटकरी होता. वास करपलेला, पण पुरता जळका नाही. फोडणी करपायच्या आधीचा असतो तसा.

‘टू सॉफ्ट,’ अंकल म्हणाले. ‘सॉफ्ट नो गुड लाह.’

मग त्यांनी मित्राला सीटवर बसवलं, इंजिन बंद, पाय तळापर्यंत. ‘तळापर्यंत’ याला अर्थ आहे: पायाखाली रबरी मॅट नको, आणि पाय पुरता दाबल्यावर पंपाचा लिव्हरही शेवटपर्यंत गेला पाहिजे. तो जात नसेल तर आधी ॲक्सिलरेटरची केबल नीट करायची, गिअरबॉक्सच्या तारेला हात नंतर. या क्रमात पुष्कळ जण चुकतात. लिव्हर जात होता. अंकलनी मला वाकायला सांगितलं. पंपाजवळ तारेचं बाहेरचं कवच संपतं, तिथे रबरी टोपण असतं, आणि उघड्या तारेवर कारखान्यातच दाबून बसवलेला एक बारीक मणी असतो. पाय पुरता दाबला असताना टोपणाचं टोक आणि मणी यांच्यामध्ये शून्य ते एक मिलिमीटर अंतर हवं. टोयोटाच्या त्या काळच्या तारेच्या गिअरबॉक्सचं माप हेच. आमच्या गाडीत ते या मापाच्या जवळपासही नव्हतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. बाराच्या पान्याने दोन नट सैल करायचे, कवच मागेपुढे सरकवायचं, नट आवळायचे, झालं. पण अंकलच्या दाराशी रांग होती, दोन आठवड्यांनी या म्हणाले. मित्राला दम निघेना. साइटवरच्या एका पोराने ‘हे तर मीही करतो’ म्हणून तार ताणली. मापाबिपाच्या भानगडीत न पडता ताणली. ताणता येईल तितकी.

सैलचं उलट ताण, आणि उलट म्हणजे बरोबर, असं आपल्याला फार लवकर वाटतं. आता गिअरबॉक्सला वाटू लागलं की साहेब कायम घाईत आहेत. नुसता पाय टेकवला तरी आत दाब चढलेला. दुसरा गिअर पन्नासपर्यंत सुटेना, इंजिन गुरगुरत राहायचं, आणि सुटला की मागून कुणीतरी लाथ घातल्यासारखा झटका. मार्चमध्ये गुढीपाडवा आला. वहिनी मांडीवर डबा घेऊन पुढे बसल्या होत्या, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला निघालेल्या. तिसऱ्या सिग्नलला पहिल्याचा दुसरा पडला आणि कटाची आमटी डॅशबोर्डपर्यंत पोचली. ‘अहो, ही गाडी आहे की बैल?’ एवढंच त्या म्हणाल्या, पण ज्या स्वरात म्हणाल्या त्यानंतर मित्राने अंकलना दिवसातून दोनदा फोन करायला सुरुवात केली. गाडीला आठवडाभर गोड्या मसाल्याचा वास येत होता. अंकलनी दार उघडल्यावर नाक वर करून हुंगलं आणि विचारलं, ‘करी?’

त्या दिवशी मी सुट्टी काढून पूर्ण वेळ तिथे उभा होतो. तार मापावर आणायला दहा मिनिटं लागली, उरलेला दिवस ते माप खरं ठरवण्यात गेला. हे मला फार आवडलं. पुस्तकातलं माप नव्या तारेचं असतं. एकोणीस वर्षांत आतली तार झिजते, कवच आक्रसतं, कॅमचं छिद्र ढिलं होतं. मणी आपल्या जागी असला तरी आतला कॅम आपल्या जागी असेलच असं नाही. म्हणून अंकलनी गिअरबॉक्सच्या बाजूचा एक लहान बूच काढून तिथे दाबाचा काटा जोडला. चाकांना लाकडं लावली, हातब्रेक ओढला, पायब्रेक पुरता दाबला, लिव्हर ‘डी’ला आणि ॲक्सिलरेटर तळाला. पाच सेकंद, त्यावर एकही नाही. गाडी जागेवर थरथरते, इंजिन एका ठरावीक फेऱ्यांवर जाऊन अडतं. त्यापेक्षा जास्त वर गेलं तर आत काहीतरी घसरतंय, कमीच राहिलं तर इंजिनातच दम नाही. पाच सेकंदांचं बंधन यासाठी की इंजिनाचा सगळा जोर त्या वेळात तेल तापवण्यात जातो. मित्र डोळे मिटून बसला होता. काटा बरोबर जागी थांबला. प्लेटा वाचल्या होत्या.

इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये लोखंडाऐवजी तेल घालायची कल्पना मुळात मोटारीसाठी निघालेली नाही. हेरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी, टर्बाइनचा प्रचंड वेग पंख्याला सोसेल असा उतरवायला. मोटारींत पुरता ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या संख्येने आला तो जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक, १९४० च्या ओल्डस्मोबिलमध्ये. सिन मिंगच्या त्या शेडमध्ये उभं राहून बंदराच्या शहरात जहाजाचीच विद्या चालू आहे, असं काहीबाही माझ्या मनात येत होतं. अंकलना सांगितलं असतं तर त्यांनी नक्कीच कोपीचा घोट घेतला असता आणि काही बोलले नसते.

बोलके झाले ते मर्सिडीझवर. सिंगापूरच्या लष्कराच्या डिझेल जीपा तेव्हा मर्सिडीझच्या. इथल्या मराठी घरांतली जी मुलं नॅशनल सर्व्हिस करून आली त्यांच्या तोंडी ‘एमबी टू-नाइन्टी’ हे नाव असायचं. मर्सिडीझच्या जुन्या डिझेल ऑटोमॅटिकमध्ये तारेच्या जोडीला पायाची बातमी व्हॅक्यूमनेही जाते, अंकल सांगत होते. डिझेल इंजिनाला स्वतःचा व्हॅक्यूम नसतो, म्हणून त्याला एक पंप जोडायचा. डिझेल पंपावरची झडप पायाप्रमाणे तो व्हॅक्यूम कमीजास्त करणार. रबरी नळ्यांमधून तो गिअरबॉक्सवरच्या डबीपर्यंत पोचणार. डबीचं टोपण काढलं की आत छोटी चावी. ती उजवीकडे फिरवली की गिअर कडक, डावीकडे की मऊ. ‘सगळे चावी फिरवतात,’ अंकलनी हात झटकला. ‘नळी फुटलीय का ते कुणी बघत नाही.’ दहा रुपयांची नळी चिरलेली असते आणि लोक चावीने तो दोष झाकत बसतात. आमच्या साइटवरच्या पोराने केलं ते याच जातीचं.

मग चाचणी. सिंगापुरातली सर्वांत उंच जागा बुकित तिमाची टेकडी, १६४ मीटरही नाही. घाट कुठून आणणार? अंकलनी लँड क्रूझर शेजारच्या बहुमजली वर्कशॉप इमारतीच्या रॅम्पवर घातली. गोल गोल वर जाणारा काँक्रीटचा रस्ता, भिंतींवर बंपर घासल्याच्या रेघा. पहिल्या फेरीत अर्धा पाय: दुसरा गिअर धरून गाडी चढली, मध्येच तिसऱ्याचा मोह झाला नाही. फेरीच्या तोंडाशी पाय सोडला, तिसरा पडला. पुन्हा दाबला, दुसरा लगेच परत आला. अंकल काचेतून बाहेर बघत होते. मला आंबोलीतला ड्रायव्हर आठवला, खिडकीत कोपर टेकवलेला. वरच्या मजल्यावर थांबून त्यांनी अर्ध्या मिलिमीटरने तार सैल केली, पुन्हा खाली येऊन पुन्हा चढवली, आणि अर्धा मिलिमीटर परत घेतला. असं तीनदा. रस्त्यावर आल्यावर हलक्या पायाला चौथा साठच्या पुढे पडत होता आणि पडताना कळत होता. झटका नव्हे, नुसती जाणीव. शेजारच्याने कोपर लावावं एवढी.

‘गिअरबॉक्स खोलून एकदा प्लेटा बदलून टाकू का?’ मित्राने उत्साहात विचारलं.

अंकलनी पाटीकडे बोट दाखवलं. ‘किती महिने उरले?’

चौदा.

या शहरात गाडीचं आयुष्य लोखंड ठरवत नाही, कागद ठरवतो. १ मे १९९० पासून इथे गाडी बाळगण्याचा परवाना लिलावाने मिळतो, दहा वर्षांचा. सरकार ठरावीक संख्येने परवाने काढतं, लोक बोली लावतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मोठ्या गाडीच्या परवान्याची बोली १,५०,००१ सिंगापूर डॉलरवर गेली, गाडीची किंमत वेगळी. त्या वरच्या एका डॉलरकडे बघून आपल्याला आहेराचं पाकीट आठवतं. दहा वर्षं संपली की चालू दराने पैसे भरून परवाना वाढवता येतो, मोटारीला पुनःपुन्हा; पण मालवाहू गाडीला वीस वर्षं झाली की खेळ खलास. गाडी धडधाकट असली तरी. मित्राची वीस वर्षं २०११ च्या मेमध्ये भरणार होती. चौदा महिन्यांसाठी गिअरबॉक्स कोण खोलणार? एकाच गोष्टीला इथे किंमत होती: दहा मिनिटांचं माप, आणि ते माप खरं ठरवणारा दिवस. मला उलट वाटायचं, की कागदाने मरणाऱ्या गाडीची कुणी एवढी निगा राखत नसेल. सिन मिंगमध्ये नेमकं दुसरंच दिसलं. नवं काही घालायचं नाही म्हटल्यावर आहे ते नीट लावण्याला फार भाव येतो.

आता तो प्रश्नच मिटत आलाय. नव्या गाडीत तार नाही. पायाखाली सेन्सर, गिअरबॉक्सला संगणक. फिरवायला नटही नाही. डिझेलवर इथे २०१७ साली लिटरमागे दहा सेंट कर बसला, २०१९ साली तो वीस झाला, आणि २०२५ पासून डिझेल मोटारींची नवी नोंदणी बंद झाली.

लँड क्रूझर रोलरवरच्या पुढच्या दोन्ही तपासण्या पास झाली. मे २०११ मध्ये नोंदणी रद्द करून ती परदेशी पाठवणाऱ्याच्या यार्डात गेली. सोडायला आम्ही दोघं आणि वहिनी. अशा गाड्या इथून जहाजाने पुष्कळ जातात, कुठे ते मालकाला कळतंच असं नाही. आदल्या दिवशी अंकलनी तारेवरच्या मण्याला पांढरा रंग लावून दिला होता आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला चिनी अक्षरांत काहीतरी खरडलं होतं. मित्राने त्याखाली मार्करने इंग्रजीत लिहिलं: पूर्ण पाय, एक मिलिमीटर. मग थोडं थांबून, कोण वाचणार याचा विचार न करता, त्याच्याखाली मराठीत: मऊ वाटली तर सैल समजा.

वहिनींनी डॅशबोर्डची फट बोटाने पुसली आणि बोट हुंगून पाहिलं. ‘अजून येतोय हो वास,’ त्या म्हणाल्या.